पाण्याची पाळी, विमानाचे तास

मिरच्यांची देठं खुडणं, हे आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम. सालाच्या मसाल्याच्या मिरच्या. निमगाव सावाच्या आमच्या घरी ओट्यावर गोणपाट टाकलं होतं. ती खुडत होती, मी जास्त करून शिंकत होतो.

पोरगा विमान चालवतो. त्या उन्हाळ्यात टाळेबंदी लागून विमानं बंद झाली म्हणून घरी आला होता. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला मोबाईलवर त्यांच्या पायलट लोकांची मीटिंग चालली होती, मोठ्या आवाजात. कंपनीला नव्या पोरांना बिनपगारी घरी बसवायचं होतं. आमचा पोरगा म्हणत होता, कुणालाच बसवू नका, आहेत ते तास सगळ्यांत वाटा, पगार सगळ्यांचाच कमी होऊ द्या. तो स्वतः जुना, त्याला काही धक्का नव्हता. मतं पुढं दहा-बारा दिवसांनी पडायची होती.

त्यांच्यातला एक म्हातारा कॅप्टन म्हणाला, "एवढे कमी तास मिळाले तर सराव जाऊन सगळ्यांचाच हात सुटेल. आणि तुला काय पडलंय रे? तुझी खुर्ची शाबूत आहे ना?"

हात सुटायचं मला पटलं. तिला नाही. तिनं तिथूनच तोंड घातलं, "त्याला इचार, इहीर खाली गेली म्हणून कुणाची पाळी तोडत्यात व्हय?"

आमची विहीर चार घरांची. पाणी खाली गेलं की सगळ्यांचे तास आखडायचे, पाळी मात्र कुणाचीच तोडायची नाही, ही आमच्याकडची जुनी रीत.

"कोण बोलतंय?" कॅप्टननं विचारलं.

"आई आहे माझी."

"आईंना सांग, हे विमान आहे, विहीर नव्हे."

"मग उडवा की! उभी करून कशाला ठेवलीत?"

मोबाईलमधली सगळी हसली. मी पुन्हा शिंकलो, तर तिकडून कुणीतरी म्हणालं, "काकांना पाणी द्या आधी."

संध्याकाळी चहा झाला आणि तिच्या छातीत कळ आली. नारायणगावला दवाखान्यात न्यायला गाडी काढली. वारूळवाडीच्या अलीकडंच तिनं जीव सोडला. माहेर तिचं घोडेगावाकडं. रस्ते बंद, भाऊ मोबाईलवरच रडला. लोक म्हणाले, देवाची मर्जी. मी म्हणालो, देवाला दुसरं घर दिसलं नाय का?

दहावा झाला त्या संध्याकाळी विहिरीतले बाकीचे तीन वाटेकरी ओट्यावर आले. सगळी भावकीच. चुलतभाऊ बोलला, "दादा, इहीर लई खाली गेलीया. तू आता एकटा. मोटर तू चालू करणार, मग दारं कोण धरणार? यंदा तुझी पाळी ऱ्हाऊ दे, आमी घेतो वाटून. पोरगं तुला न्हेईलच की शहरात."

दारं धरायचं काम तिचं होतं. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवायचं. खोटं काही बोलत नव्हता तो.

"बायको मेली माझी, मी नाय मेलो," मी म्हणालो. "तास निम्मे करा. पाळी तोडायची नाय."

"लई हट्टी हाईस राव."

"तिच्यावर गेलोय."

आत पोरगा मतं टाकायच्या मीटिंगला बसला होता. त्याचा आवाज बाहेर आला, "माझे तास कापा. घरी कुणालाच बसवायचं नाही."

"आई शिकवून गेल्या वाटतं," तोच कॅप्टन.

"होय."

थोडक्या मतांनी का होईना, तिकडं तास वाटून घेणारे पायलट जिंकले. आमच्या ओट्यावर मतं नव्हती. तिघं कुरकुरत उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी माझी होती. विहिरीवर गेलो तर चुलतभाऊ स्टार्टरपाशी उभा. म्हणालो, "सरक." सरकला. मोटर चालू केली, खोरं खांद्यावर टाकलं आणि वांग्यांकडं निघालो. पाय काही पहिल्यासारखे नाहीत. पाणी माझ्याआधी पोचलं, पहिला वाफा फोडून बांधाला लागलं.

"सांगितलं व्हतं ना!" चुलतभाऊ तिकडून ओरडला.

मी वर बघितलं नाही. चिखलात उतरलो, फुटलेलं बुजवलं आणि दुसऱ्या वाफ्याचं दारं मोडून पाणी तिकडं वळवलं.