दाढ नव्हती, तरी ठणकत होती

"बाई, दाँत नई दुखरा, गड्ढा दुखरा," सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी माझ्या तोंडातला बारीक आरसा बाहेर काढला.

मी शेजारची दाढ उपटून घ्यायला गेले होते. पाच दिवसांपूर्वी शहागंजच्या बाजारात बसणाऱ्या करीमचाचांनी माझी खालची किडकी दाढ काढली होती. दोन दिवस बरं गेलं. तिसऱ्या दिवशी जबड्यात असा ठणका उठला की तो कानात जाई आणि कानातून डोक्यात. चाचांनी किडकी ठेवून चांगली काढली, असं घरात ठरून गेलं. मीही तेच धरून बसले.

दुखणं मी सोसलं असतं. पण माझी मुलगी चार महिन्यांची, अंगावर पिणारी. मला घास चावेना, पेजही गिळवेना. पाचव्या दिवशी दूध इतकं आटलं की पोर छातीशी लागून नुसती रडायची. सासूबाईंनी अफूची बारीक गोळी पुढं केली. "एवढी घे, डोळा तरी लागंल." मी नाही म्हटलं. माझ्या पोटात गेलेलं तिच्या पोटात जाणार. मग त्याच मला दवाखान्यात घेऊन आल्या.

निजामाच्या राज्यातले दिवस होते. हे डॉक्टर हैदराबादला दातांचं काम शिकून आलेले. अर्धं उर्दू, अर्धं मराठी बोलत. त्यांनी शेजारच्या दाढेवर टिचकी मारली. काही दुखलं नाही. "ही तर पक्की आहे. हिला कशाला काढू?" मग रिकाम्या जागेत त्यांनी सळईचं टोक नुसतं टेकवलं, आणि मी खुर्चीतून उठलेच.

"ह्याला ड्राय सॉकेट म्हणतात."

ड्राय म्हणजे कोरडा. सॉकेट म्हणजे दाढ ज्यात रोवलेली असते तो खड्डा. दाढ निघाली की त्यात रक्त साकळून गाठ बसते, आणि तिच्या आडोशानं जखम भरत येते. ती गाठ वेळेआधी निघाली तर खालचं हाड उघडं पडतं.

उघडं हाड! मी क्षणभर दुखणंच विसरले. "मला दिसंल का ते?"

"आगं, काय बघती?" सासूबाई म्हणाल्या. "जित्या माणसानं आपलं हाड बघावं व्हय?"

डॉक्टर हसले. त्यांनी मला खिडकीकडं तोंड करून बसवलं, एक आरसा माझ्या हातात दिला आणि दुसरा तोंडात धरला. मला वाटलं होतं, सगळं काळं, सडलेलं असेल. तसं काही नव्हतं. लाल हिरडीत एक लहानशी विहीर होती आणि तिच्या तळाशी भिजवलेल्या ज्वारीच्या दाण्यासारखं काहीतरी पिवळट पांढरं. मी बराच वेळ बघत राहिले.

"मग माझी गाठ गेली कुठं?"

"दाढ काढल्यावर काय काय केलंत?"

मी सांगितलं. रक्ताची चव नको वाटली म्हणून दिवसभर चुळा भरल्या. दुसऱ्या दिवशी आरशात काळी गुठळी दिसली, ती घाण समजून कडुलिंबाच्या काडीनं उकरली. वर जळक्या तंबाखूची मिश्री घासली.

"ती घाण नव्हती, बाई. ती जखमेची पट्टी होती."

मला करीमचाचा आठवले. आदल्याच दिवशी माझ्या सांगण्यावरून माझे यजमान भर बाजारात चाचांना वाटेल ते बोलून आले होते.

डॉक्टरांनी कोमट मिठाच्या पाण्याच्या पिचकारीनं खड्डा धुतला. मग लवंगेच्या तेलात भिजवलेली जाळीदार कापडाची पट्टी आत बसवली. ह्याला ड्रेसिंग म्हणतात. आधी झोंबलं. मग मी मनात आकडे मोजत बसले, किती वेळात थांबतं ते बघायला. चारशेच्या आत ठणका उतरला. त्या दुपारी मी वाटीभर मऊ खिचडी खाल्ली आणि पुन्हा मागून घेतली. तीन दिवसांत पोर पोटभर पिऊन झोपू लागली.

एक दिवसाआड पट्टी बदलायला जायचे, आणि दर वेळी आरसा मागायचे. दहाव्या दिवशी तो पिवळा दाणा गुलाबी मांसानं झाकला होता. आपलं शरीर न सांगता एवढं काम करतं, हे मी त्याआधी कधी बघितलंच नव्हतं.

कुणाची दाढ निघाली तर एवढं ऐका. पहिला दिवस चूळ भरू नका, जोरानं थुंकू नका, काडी घालू नका. मिश्री, तंबाखू लांब ठेवा. आणि तिसऱ्या दिवशी ठणका उठला तर कुणाशी भांडायच्या आधी डॉक्टरला दाखवा.

मी यजमानांना घेऊन शहागंजला गेले. चाचांनी आम्हाला बघून मान फिरवली.

"चाचा, दाढ तुम्ही बरोबरच काढली होती. खड्ड्यातली रक्ताची गाठ मीच उकरली. आम्ही उगीच बोललो. माफ करा."

यजमानांनी हात जोडले. चाचांनी हातातला चिमटा पुसून बाजूला ठेवला.

"तीस वर्सं दाढा काढतोय," ते म्हणाले. "दुखलं की लोक येऊन भांडतात. का दुखलं, ते आजवर कुणी सांगितलं नाय. अन् दिवसभर चुळा भरा, असं तर मीच सांगत व्हतो समद्यांला."

त्यांनी गिऱ्हाइकाचं स्टूल माझ्याकडं सरकवलं.

"बसा बाई. डाक्टर काय म्हनला, पहिल्यापासनं सांगा."