मौनाच्या दिवशी आलेला फोन

हे लिहावं की नाही, यावर मी वर्षभर अडखळले. ज्या अनुभवात देवीची कृपा दिसली असं म्हणायचं, त्याच अनुभवात मी दोनदा फोन आपटून ठेवला होता. मग कृपेची गोष्ट सांगायचा मला काय अधिकार, असं वाटायचं. पण गेल्या आठवड्यात जे घडलं, त्यानंतर गप्प राहणंही बरं वाटेना.

मी सिंगापूरमध्ये अलेक्झांड्रा भागातल्या एका छोट्या अकाउंटिंग ऑफिसात काम करते. घर क्वीन्सटाउनला, बसने चार स्टॉपवर. छोट्या कंपन्यांचे टॅक्स रिटर्न भरायची मुदत इथे नोव्हेंबरअखेर संपते, त्यामुळे घरातला फराळाचा डबा रिकामा होईपर्यंत ऑफिसात नुसती धावपळ सुरू झालेली असते. आणि धावपळीत माझी जीभ सुटते. मूळची मी डोंबिवलीची, तोंडावर बोलणारी. पण एका वर्षी शेजारच्या टेबलावरच्या सितीला मी असं काही बोलले की ती पँट्रीत जाऊन रडली. सिती मलय आहे, माझ्याहून वयाने लहान, आणि कधी कुणाला उलटून बोलत नाही. त्या दिवशी घरी येऊन मी देवीसमोर बसले आणि ठरवलं की कामाच्या या दिवसांत दर गुरुवारी दुपारी बारापर्यंत मौन पाळायचं.

घरच्यांनी भरपूर चेष्टा केली. नवरा म्हणाला, “देवी प्रसन्न होईल तेव्हा होईल, मी आजच झालो.” मुलगी मैत्रिणींना फोनवर इथल्या ढंगात ‘लाह’ जोडून सांगायची, “आई ऑन म्यूट टुडे, लाह.” सितीला मात्र ते लगेच कळलं. “फास्टिंग फॉर द माउथ,” ती म्हणाली, “गुड वन, सिस.” ऑफिसात मी गुरुवारी सगळं ईमेलवर उरकायची. फोन आलाच तर रिसीव्हर उचलून पेनाने त्यावर दोन टिचक्या मारायच्या, म्हणजे ‘ऐकतेय, बोला’. नेहमीच्या क्लायंटना ते सवयीचं झालं होतं. खरं सांगते, हळूहळू मला त्या मौनाचा अभिमान वाटायला लागला होता. बारा वाजायच्या आधी कुणी काही विचारलं की मी ओठांवर बोट ठेवायची, आणि त्यात भक्तीपेक्षा तोराच जास्त असायचा.

टॅन अंकल हे माझे सर्वांत जुने आणि सर्वांत चिवट क्लायंट. वय पंचाहत्तरच्या पुढे, दुकानांच्या पाट्या रंगवायची त्यांची छोटी कंपनी, पासिर रिसला फ्लॅटमध्ये एकटेच राहायचे. बायको वारलेली, मुलगी ऑस्ट्रेलियात. ईमेल नाही, मोबाइल नकोच, घरातला कॉर्डलेस फोन तेवढा. त्यांचे कागद कधीही वेळेवर यायचे नाहीत. “अंकल, पेपर्स व्हेन?” असं मी रोज सकाळी विचारायचं आणि त्यांनी “टुमॉरो, टुमॉरो” म्हणायचं. मध्येच ते म्हणायचे, माझा नंबर सापडला नाही म्हणून कळवता आलं नाही. शेवटी वैतागून मी त्यांना फोनच्या एक नंबरच्या बटणावर माझा नंबर बसवायला लावला. बसवला की नाही, हे दाबून दाखवायलाही लावलं. गुरुवारी मात्र ते मुद्दाम फोन करायचे. मी टिचक्या मारल्या की हसत म्हणायचे, “टुडे आय टॉक, यू कॅनॉट स्कोल्ड.”

तो मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. पहाटे कलश मांडला, पाच प्रकारची पानं लावली, उपास धरला. हात जोडून देवीला म्हटलं, आज टॅन अंकलची फाइल एकदाची माझ्या टेबलावरून हलू दे. बाकी सगळ्यांचे रिटर्न गेले होते. त्यांचीच तेवढी फाइल उरली होती आणि ऑफिसात आल्या आल्या मी ती उघडून समोर ठेवली.

साडेनऊच्या सुमारास फोन वाजला. त्यांचाच नंबर. मी उचलला, टिचक्या मारल्या. पलीकडून कुणी बोलेना. नुसता श्वास, आणि मागे स्वयंपाकघरात किटलीची शिट्टी. म्हटलं, करताहेत चेष्टा. मी गप्प, म्हणून हेही गप्प. मुदत तोंडावर आलेली आणि यांना खेळ सुचतोय. मी फोन आपटला. पाचेक मिनिटांनी पुन्हा तेच. टिचक्या, श्वास, शिट्टी. पुन्हा आपटला, या वेळी जरा जोरातच. सितीने मान वर करून पाहिलं. मी ओठांवर बोट ठेवलं.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी चिडूनच उचलला. शिट्टी अजून चालू होती. टॅन अंकल एकेक जुना लिफाफा उलटा करून वापरणारे गृहस्थ. गॅस असा फुकट जाळणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. हे सगळं मी विचार करून ताडलं असं म्हणायला आवडेल, पण तसं झालं नाही. माझ्या तोंडून “अंकल?” कधी निघालं ते मला कळलंच नाही. स्वतःचाच आवाज ऐकून मी दचकले. पलीकडून घशातून एक आवाज आला, ज्यात एकही शब्द नव्हता.

“अंकल, यू फॉल डाउन? टॅप, अंकल. इफ यस, टॅप.”

दोन टिचक्या आल्या. अगदी मी मारायची तशा.

सिती तोवर उठून उभी राहिली होती. तिने स्वतःच्या मोबाइलवरून ९९५ लावून ॲम्ब्युलन्स मागवली. पत्ता शोधायला लागलाच नाही. ब्लॉक, युनिट, पोस्टल कोड, सगळं समोरच्या उघड्या फाइलीवर होतं. मी फोन धरून बोलत राहिले. ॲम्ब्युलन्स निघाली आहे, डोळे मिटू नका, मी इथेच आहे. सांगण्यासारखं संपलं तेव्हा देवीचं नाव घेत राहिले, मराठीत, मोठ्याने, सगळ्या ऑफिसासमोर. मग धडाधड दार ठोठावल्याचा आवाज, दाराबाहेरचं लोखंडी गेट तोडल्याचा आवाज, शिट्टी एकदम बंद, आणि एक अनोळखी बाई म्हणाली, “मॅडम, वी गॉट हिम. यू कॅन हँग अप.” मला रिसीव्हर ठेवता येईना. सितीने तो माझ्या हातातून सोडवून घेतला आणि गरम मायलोचा कप माझ्या हातात दिला. मी प्यायले. उपासही मोडला.

त्यांना मेंदूचा झटका आला होता. उजवी बाजू आणि वाचा गेली होती. वेळेत पोचले म्हणून वाचले, असं डॉक्टर म्हणाले. ऑस्ट्रेलियातून आलेल्या मुलीने हॉस्पिटलात माझा हात धरला आणि सांगितलं की जमिनीवर पडल्या पडल्या डाव्या हाताला ते एकच बटण सापडलं. “यू फोर्स्ड हिम टू पुट युअर नंबर. ही कम्प्लेन्ड टू मी सो मच,” असं म्हणून ती रडता रडता हसली. मी हसू शकले नाही. तिला दोन आपटलेल्या फोनांबद्दल सांगितलं तेव्हाही ती हात सोडेना, आणि त्याने मला आणखीच शरम वाटली.

तो धक्का अजून ओसरलेला नाही. ज्या कटकटीची मला लाज वाटत होती, तिने त्या माणसाचा जीव वाचवला. आणि ज्या व्रताचा मला अभिमान होता, ते त्याच्या आड आलं. तरीही मौन नसतं तर मीच पहिल्या क्षणापासून तोंड सोडलं असतं, आणि ती शिट्टी मला ऐकूच आली नसती. यातलं काय माझं आणि काय देवीचं, याची वाटणी मला करता येत नाही. मी तो नाद सोडून दिला आहे. व्रत तिचं, जीभही तिची. आवर म्हणाली की गप्प राहायचं, बोल म्हणाली की बोलायचं, एवढंच आता मला कळतं. गुरुवारचं मौन मी अजून पाळते, पण फोन वाजला की बोलते.

गेल्या गुरुवारी साडेनऊला फोन वाजला. नंबर पासिर रिसचा. वर्षभर अंकल बोलायला शिकायच्या वर्गाला जात होते, पण त्यांच्या तोंडून शब्द मी ऐकला नव्हता. मी उचलला आणि “अंकल?” म्हटलं. नुसता श्वास. मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून थांबले. सितीही काम थांबवून बघत होती. बऱ्याच वेळाने एकेक शब्द ओढत आवाज आला, “पेपर्स... रेडी.”

आई, तुझे उपकार. मग मी पेन घेतलं आणि रिसीव्हरवर दोन टिचक्या मारल्या. पलीकडून अंकल हसले.