लाल पट्टा आणि दहा दिवस

दादा गेल्यावर मी शाळेतून रजा काढली आणि घोटावडे फाट्याजवळच्या त्याच्या निवाऱ्यात राहायला गेलो. निवारा म्हणजे पत्र्याची शेड, जाळीचे चार पिंजरे आणि प्राणिमित्र मंडळाची पाटी. माझा हा थोरला भाऊ गुरांचा डॉक्टर. गावोगावच्या कुत्र्यांना तो रेबीजची लस टोचायचा आणि खूण म्हणून गळ्यात लाल पट्टा बांधायचा. कुत्र्यांना विष घालत फिरणारी माणसं पट्टेवाल्याला सोडून देत. पट्टे पौडच्या बाजारातले एक म्हातारे शिंपी शिवून देत. त्यांना सगळे चाचा म्हणत.

मी आलो त्याच आठवड्यात चाचा पोटरीला फडकं बांधून दारात उभे राहिले. मागे दोघांनी एक तांबडं कुत्रं दोरीने ओढत आणलं होतं. चाचांना तेच चावलं होतं. गळ्यात पट्टा होता.

"मग भीती नाही, चाचा. दादाने टोचलंय याला."

"न्हाई टोचलं, मास्तर. पट्टा म्या बांधलाय."

"तुम्ही?"

"दुकानाम्होरं पडून असायचं. कुनी इष घालंल म्हून उरल्या कापडाचा शिवला. असली आनखी धा-बारा हायेत."

दादा असता तर ओरडला असता. मला ओरडता येत नाही.

कुत्रं दहा दिवस पिंजऱ्यात ठेवायचं. जगलं तर काळजी मिटली. मेलं तर चाचांनी पोटात तेव्हाची चौदा इंजेक्शनं पुरी करायची, आणि तरीही खात्री नाही. चाचा रोज सकाळी एसटीने पुण्याला जाऊन टोचून घेत आणि परतताना फाट्यावर उतरत.

"हाय का?"

"आहे."

"माझ्या पोटाची चाळन झाली, आन ह्यो जावयावानी लोळतुया."

दहा दिवस मोजायची मला सवय होती. नुकतंच सुतक संपलं होतं. पुस्तक उघडायचो, पान संपायच्या आत उठून पिंजऱ्याशी जायचो. पाणी पितंय का? आवाज घोगरा वाटतोय का? परत येऊन तेच पान.

सातव्या दिवशी कुत्र्याने भाकरीला तोंड लावलं नाही. चाचा येताना दिसले तशी मी भाकरीची थाळी शेडमागे नेऊन ठेवली.

"हाय का?"

"आहे."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "खाल्लं न्हाई व्हय? तुमाला लबाडी जमत न्हाई, मास्तर." ते जाळीपासून दूर, दगडावर दुपारभर बसून राहिले.

आठव्या दिवशी कुत्र्याने दोन भाकरी खाल्ल्या. दहाव्या दिवशी ते चाचांवर भुंकलं आणि चाचा खो खो हसले. गुरांच्या दुसऱ्या एका डॉक्टरांना घेऊन आम्ही बाजारातली बाकीची पट्टेवाली कुत्री शोधायला जायचं ठरवलं. या तांबड्याला आधी टोचून सोडायचं होतं.

अकराव्या दिवशी डॉक्टरांनी त्याला टोचलं. चाचांनी पिंजऱ्याची कडी काढली. मी पुढे होऊन ती परत लावली.

"मास्तर, सोडा की आता."

"आजचा दिवस राहू दे," मी म्हणालो.