दारावरचा गुलाबी तुकडा

तापलेल्या ऑइलपेंटचा वास आला की आमच्या रहिमतपूरच्या घराचं दार आठवतं. फौजेतून निवृत्त झालेले वडील मास्क, चष्मा लावून गरम हवा फेकणाऱ्या हीटगननं त्याचा जुना रंग काढत होते. खिडक्या उघड्या, हात सारखा हलता. "एका जागी धरलं की लाकूड करपतंय," असं मला बजावणं चालूच. घरात लग्न निघालं की दाराला नवा रंग, ही आमची रीत. माझ्या लग्नाचा निळा सुटला, धाकट्या आत्याच्या लग्नाचा हिरवा सुटला आणि खालून गुलाबी दिसताच आई लांबूनच ओरडली, "आवं, थांबा! तेवढा तुकडा ऱ्हाऊ द्या. आपल्या लग्नातला हाय त्यो." वडिलांनी गन दुसरीकडे वळवली. आज अख्खं दार सागवानी रंगाचं आहे, कडीखाली मात्र वीतभर गुलाबी. कुणी विचारलं की वडील सांगतात, "तितं मशीनच तापत न्हवतं."