शिंगांवरचा लाल

आमच्या घरात ऑइल पेंट म्हणजे दाराला, बैलगाडीला नाहीतर बैलाच्या शिंगांना लावायचा. त्याने कुणी चित्रही काढतं, हे माझ्या थोरल्या भावाच्या डोक्यात शिरलं नाही, आणि शिरवून घ्यायची त्याची इच्छाही नव्हती.

मी धुळ्याला चित्रकला शिकत होतो. वडिलांनी, म्हणजे आबांनी, बजावलं होतं: मुंबईच्या प्रदर्शनात चित्र लागलं तर शेवटचं वर्ष कर, नाहीतर सोनगीरला येऊन नांगर धर. म्हणून सुट्टीत ओसरीवर पुरुषभर उंचीचा कॅनव्हास उभा केला होता. त्यात झाड नाही, माणूस नाही. पिवळे, हिरवे, काळे फटकारे उजव्या कोपऱ्याकडे धावत होते आणि तिथे लाल पेटायचा बाकी होता. येणारेजाणारे विचारत, "हाई काय शे?" भाऊ परस्पर सांगे, "शेणनं पोतारं." लोक हसत. मला त्याचा गळा धरावासा वाटे.

पोळ्याच्या सकाळी लाल रंगाची ट्यूब जागेवर नव्हती. मुंबईहून मागवलेली ती एकुलती एक. गोठ्यात सापडली, पार पिळून चपटी झालेली.

"बैलस्ना शिंगडास्ले लाया," भाऊ म्हणाला. "ऑइल पेंटच शे ना ते?"

हा रंग आठवडा आठवडा वाळत नाही, हे त्या मूर्खाला कुठून ठाऊक असणार? मिरवणुकीत बैलाने मान झटकली आणि भावाचा नवा पांढरा सदरा छातीपासून खांद्यापर्यंत लाल झाला. मी सगळ्यांदेखत खदाखदा हसलो. तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

बैल दारात आले. वहिनी ओवाळायला ताट घेऊन पुढे झाली. तिच्यासमोर मी पांढऱ्या बैलाचं शिंग धरलं आणि रंगाच्या सुरीने पार मुळापासून लाल खरवडून डबीत भरू लागलो. सणाच्या दिवशी, ओवाळायच्या बैलाला सुरी. वहिनी तशीच मागे सरली.

"सण नासाडी टाका तू," भाऊ म्हणाला. त्याचा आवाज चढलासुद्धा नाही. "आजफाईन आठे येवानं नही." त्या दिवसापासून घराचं दार मला बंद झालं.

डबीतल्या त्याच लालने चित्र पुरं केलं; ते मुंबईला लागलं, शेवटचं वर्षही झालं. आबा गेले तेव्हा तार शेजाऱ्याने केली. मी पोहोचलो तोवर सगळं उरकलं होतं, आणि आम्ही भाऊ भाऊ तेव्हाही बोललो नाही.

चित्र माझ्या भिंतीवर आहे. लाल कोपऱ्यात दोन पांढरे केस चिकटलेले दिसतात. पाहुणे बोट लावून विचारतात. ब्रशचे आहेत, असं मी सांगतो.