झोपाळ्यावरचा कीबोर्ड

आमच्या घरात बिनवायरचा कीबोर्ड आणि माउस आला तो बाबांच्या कमरेमुळे, आणि थोडासा माझ्या स्वभावामुळे. कमरेचं आधी सांगतो.

बाबा एसटीत कंडक्टर होते. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत त्यांना आरक्षणाच्या खिडकीवर बसवलं, तिथे ते दोन बोटांनी संगणक चालवायला शिकले. निवृत्त झाल्यावर आई आणि ते खेडजवळच्या गावातून आमच्याकडे रत्नागिरीला आले. पण कंडक्टरकीची सगळी वर्षं त्यांच्या मणक्यात साठून राहिली आहेत. खुर्चीवर दहा मिनिटं बसले की कंबर धरते. पडवीतल्या झोपाळ्यावर मात्र, पाठीला लोड आणि एक पाय जमिनीला, असे ते सकाळपासून जेवणापर्यंत बसू शकतात. याचं कारण डॉक्टरांना सांगता आलं नाही. बाबांचं म्हणणं असं, की त्यांच्या कमरेला हलत्या जागेचीच सवय आहे, ठाम जागा तिला मानवत नाही.

या वर्षी गावच्या मुंबई मंडळाने नव्या बुद्धविहाराच्या निमित्ताने स्मरणिका काढायचं ठरवलं. बाबांना फोन आला. गावात पहिली एसटी कशी आली ते तुम्हीच लिहा, त्या गाडीचे कंडक्टर तुम्हीच होतात, वैशाखी पौर्णिमेच्या आधी मजकूर टाइप करून पाठवा. आणि जमणार नसेल तर फोनवर सांगा, आम्ही इकडे लिहून घेऊ.

फोन ठेवल्यावर बाबा झोपाळ्यावर जाऊन बसले. मग म्हणाले, "फोनवर सांगितलं तर ते त्यांचं होईल. जन्मभर दुसऱ्यांनी छापलेली तिकिटं फाडली. एकदा माझं छापून येऊ दे."

आईने होकारार्थी मान हलवली. ती सहसा त्यांच्या बोलण्याला मान हलवत नाही, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

संगणक बाहेरच्या खोलीत, टेबलावर. टेबलापाशी खुर्ची. म्हणजे बाबांना तिथे जागा नाही. तेव्हा मी म्हटलं, तुम्ही झोपाळ्यावरून सांगा, मी टाइप करतो. मी लेखा विभागात काम करतो, माझा हात बरा चालतो. रविवारी सकाळची वंदना झाली आणि आम्ही बसलो.

बाबांनी सुरुवात केली, "गाडी वाडीत शिरली तेव्हा गाडीत साठ माणसं होती."

मी हात थांबवला. "बाबा, आसनं किती होती?"

"चव्वेचाळीस."

"मग सोळा उभी. उभ्यांची परवानगी किती होती?"

"अकरा."

"मग साठ कशी?"

"अरे मेल्या, पहिली गाडी होती ती! लोक टपावर चढायला निघाले होते. परवानगी कोण बघतंय?"

"छापून येणार आहे, म्हणून विचारलं."

त्यांनी पुढचं वाक्य सांगितलं. त्यात गावकऱ्यांनी श्रमदानाने तीन किलोमीटर रस्ता केल्याचं होतं. माझ्या माहितीप्रमाणे फाट्यापासून वाडीपर्यंतचं अंतर अडीचच्या आत आहे, आणि ते मी बोललो. बाबांनी झोपाळा पायाने थांबवला.

"तीस वर्षं लाइन चेकरला तोंड दिलं," ते आतल्या दिशेने, म्हणजे आईला ऐकू जाईल असं म्हणाले. "म्हटलं निवृत्त झालो, सुटलो. आता चेकर घरातच निघाला."

आई आतून म्हणाली, "तुमचाच आहे. कुणावर गेलाय?"

तो लेख त्या दिवशी तीन ओळींवर थांबला. संध्याकाळी बाबांनी सरळ सांगितलं, की मी लिहून घेणार असेन तर ते लिहिणार नाहीत. त्यांना स्वतःच्या बोटांनी लिहायचं आहे आणि ते झोपाळ्यावरूनच लिहिणार. बाकी व्यवस्था मी बघावी.

पडवी आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये एक मोठी खिडकी आहे. मी टेबल खिडकीला लावलं, संगणकाच्या पडद्याचं तोंड पडवीकडे केलं, अक्षरं मोठी केली. झोपाळ्यावरून ती नीट दिसत होती. जोडवायर आणून जुना कीबोर्ड गजांतून बाहेर काढून बाबांच्या मांडीवर दिला. वायर मी मोजून घेतली होती. पण मी मोजलं होतं उभ्या झोपाळ्याचं. बाबांनी सवयीप्रमाणे पायाने रेटा दिला, झोपाळा मागे गेला, वायर ताठ झाली आणि टेबलावरचा सगळा संसार फूटभर खिडकीकडे सरकला. पडदा गजांना अडला म्हणून वाचला.

"डबल बेल न देता गाडी सोडलीस," बाबा मला म्हणाले. रेटा त्यांनी दिला होता, हे मी लक्षात आणून दिलं नाही.

तेव्हा वायर नको, हे ठरलं. आता मी काही खरेदी करायची म्हणजे नीट चौकशी करूनच करतो. बिनवायरच्या कीबोर्डच्या डब्यावर लिहिलेलं असतं, तीस फुटांपर्यंत चालतो. पण ते मोकळ्या जागेत. आमच्या घराच्या भिंती चिऱ्याच्या, आणि आमच्याकडचा जांभा चिरा म्हणजे लोखंड मुरलेला लाल दगड. त्यातून या वस्तूचा सिग्नल जातो का, हे कुठल्याच डब्यावर लिहिलेलं नव्हतं. कुंपणाच्या कामातून उरलेला अर्धा चिरा परसात पडला होता. तो मी दोन कापडी पिशव्यांत घातला, स्कूटरवर पायाशी ठेवला आणि भाट्याच्या पुलावरून शहरात गेलो.

दुकान एक बाई चालवतात, माझ्याच वयाच्या असतील. मी पिशवी काउंटरवर ठेवली आणि चिरा बाहेर काढला. काचेवर लाल माती सांडली.

बाई चिऱ्याकडे बघत राहिल्या. "दादा, लोक बिघडलेला कीबोर्ड घेऊन येतात. तुम्ही घरच घेऊन आलात."

मी कारण सांगितलं. त्या हसल्या, पण नाही म्हणाल्या नाहीत. दुकानातल्या संगणकाला त्यांनी कीबोर्डबरोबर येणारा नखाएवढा रिसीव्हर लावला, मी त्याच्यापुढे चिरा उभा केला, आणि त्या कीबोर्ड घेऊन दुकानाच्या पायरीपर्यंत गेल्या. पडद्यावर अक्षरं उमटली. मी म्हटलं, आणखी मागे. त्या रस्त्यापर्यंत गेल्या. वडापावच्या गाडीवाल्याने त्यांना विचारलं, "ताई, काय मोजणी चाललीय?"

"भिंतीतून वडे मागवतेय," त्या म्हणाल्या आणि तेच टाइप केलं. ते जसंच्या तसं पडद्यावर आलं. अक्षरं येण्यात एकदाही खंड पडला नाही. तरीही मी चिरा फिरवून, आडवा करून, दोनदा पुन्हा पाहिलं.

कीबोर्ड-माउसच्या दोन जोड्या पसंतीला उतरल्या. एक मोठी, उजवीकडे आकड्यांची वेगळी बटणं असलेली, हाताला भरीव. दुसरी आखूड, आकड्यांचा भाग नसलेली, वजनाला हलकी. दोन्हींच्या बटणांवर मराठी अक्षरं होती. माझं मत पूर्णपणे मोठीच्या बाजूने होतं. ज्या कीबोर्डला आकड्यांची वेगळी बटणं नाहीत तो मला अर्धवट वाटतो. बाई म्हणाल्या, "दोन्ही घरी न्या. वापरणाऱ्यांना हाताळू द्या. नको असेल ती उद्या परत द्या. चिरा मात्र आजच न्या."

घरी येऊन मी चिऱ्याची परीक्षा बाबांना सविस्तर सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग समोर बोट दाखवून म्हणाले, "पण मध्ये खिडकी उघडीच आहे ना रे? मग तो भिंतीतून कशाला येईल?"

माझी बायको स्वयंपाकघरात होती. तिला जे हसू फुटलं ते चहा होईपर्यंत थांबलं नाही. मलाही शेवटी आवरलं नाही. खिडकीची गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नव्हती. अर्धा चिरा शहरापर्यंत नेऊन परत आणला, आणि खिडकी मीच, माझ्या हाताने, टेबल लावून उघडून ठेवली होती.

मग मोठी जोडी झोपाळ्यावर चढली. कीबोर्ड मांडीवर बसला. माउस शेजारी फळीवर ठेवला. झोपाळा हलला, माउस घरंगळला आणि खाली पडला. पुन्हा ठेवला, पुन्हा पडला. मी त्याखाली जुना रुमाल घातला, तर तो रुमालासकट गेला. शिवाय मला दुसरीच काळजी होती. झोपाळा पुढेमागे होणार, माउसही त्याच्याबरोबर पुढेमागे होणार, मग पडद्यावरचा बाण आपोआप हलत राहणार नाही का?

बाबा म्हणाले, "गाडी पळते तेव्हा उतारूच्या खिशातलं तिकीट मागे राहतं का?"

"नाही."

"मग बाण कशाला हलेल?"

खरोखरच हलला नाही. पण माउस पडतच होता.

बायको बाहेर आली. थोडा वेळ तिने आमचा खेळ पाहिला. "अहो, याला कड पाहिजे," ती म्हणाली, आत गेली आणि तांदूळ पाखडायचं सूप घेऊन आली. तीन बाजूंनी उभी कड, पुढची बाजू मोकळी. त्यात तिने एक पुठ्ठा कापून बसवला, मोकळी बाजू बाबांच्या पोटाकडे केली आणि सूप त्यांच्या मांडीवर ठेवलं. माउस आता कुठेही गेला तरी कडेला टेकून थांबत होता.

मोठा कीबोर्ड मात्र सुपात मावेना. एक टोक कडेवर चढलं. आखूड घातला, तो आरामात बसला आणि उजवीकडे माउसला वीतभर जागा उरली.

"हाच," बाबा म्हणाले.

"बाबा, याला आकड्यांची बटणं नाहीत. आकडे वरच्या ओळीत शोधावे लागतील. तुमच्या लेखात आकडे बरेच आहेत."

"मी काय तिकिटं फाडायला बसलोय?"

"मोठं सूप मिळतं का बघतो."

"सूप मोठं मिळेल," आई म्हणाली, "मग झोपाळा मोठा आण, मग पडवी वाढव. तू आता गप्प बस."

दुसऱ्या दिवशी मी मोठी जोडी परत केली. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "कोण जिंकलं?" मी म्हटलं, "सूप." त्यांना काय कळलं कोण जाणे, त्यांनी मान डोलावली.

पुढचे दिवस आमच्या घरात फार चांगले गेले. दुपारी पडद्यावर उजेड पडतो, काही दिसत नाही, म्हणून बाबांची लिहायची वेळ सकाळची. वंदना, चहा, सूप मांडीवर. पाय जमिनीला टेकवून ते झोपाळा थांबवत, दोन बोटांनी वाक्य लिहीत, मग पाय सोडून झोके घेत आणि पुढचं वाक्य जुळवत. आत बसून मला नुसता आवाज येई. बटणांचा बारीक आवाज, मग कड्यांची कुरकुर, मग पुन्हा बटणं. कधीकधी ते स्वतःशीच हसत.

पडद्याचं तोंड पडवीकडे आणि पाठ माझ्याकडे. मला एक अक्षर दिसत नव्हतं. टेबल तसं मीच लावलं होतं. एकदोनदा मी झाडांना पाणी घालायच्या निमित्ताने पडवीत गेलो. बाबांनी मान वर न करता माउसने पान खाली सरकवलं.

"झाडांना पाणी घालायला तुला आजवर कधी पाहिलं नाही," ते म्हणाले.

मी आत आलो. मला राहवत नव्हतं, हे खरं. पण त्यांची बोटं आता थांबत नव्हती, आणि माझ्या समोर लेख तिसऱ्या ओळीवर थांबला होता, हेही मला ठाऊक होतं. मी बायकोला म्हटलं, आजपासून मी सकाळी बाजारात जातो. ती म्हणाली, फार बरं होईल.

एका रविवारी बाबांनी सगळ्यांना पडवीत बोलावलं. लेख झाला होता. त्यांनी चष्मा लावला, झोपाळा थांबवला आणि पडद्यावरून वाचायला लागले. कातळ फोडून केलेला रस्ता, शेवटच्या मोरीपाशी थांबून खाली उतरलेला आणि दगडांवर उड्या मारून पाहणारा ड्रायव्हर, गाडीपुढे हलगी वाजवत पळणारी माणसं. माझ्या बाबांना असं लिहिता येतं हे मला माहीत नव्हतं. मग ते वाक्य आलं.

"गाडीत साठ माणसं होती. त्यांतली किती नियमाने उभी होती, ते आमच्या चिरंजीवांना विचारावं."

बायको इतकी हसली की झोपाळ्याची कडी धरून उभी राहिली. आता छापील पुराव्यानिशी मी त्या गाडीत होतो.

बाबा पुढे वाचत गेले. मागच्या आसनावर, त्यांनी लिहिलं होतं, शेजारच्या गावची एक मुलगी मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती. कंडक्टर नवा होता. कोंबडीचं तिकीट घ्यायचं असतं हे त्याला माहीत होतं. त्याने मुलीकडे पाहिलं आणि तो नियम विसरला.

आई एकदम म्हणाली, "कोंबडी नव्हती. कोंबडा होता."

"कोंबडीच होती गं."

"माझ्या मांडीवर होता का तुमच्या? तुऱ्याचा कोंबडा होता. मामाकडे चालवला होता मी. आणि तुम्ही काय नियम विसरलात? तीनदा येऊन विचारलंत, कोंबडा कुणाचा, कोंबडा कुणाचा."

"तीनदा का विचारलं ते आता तरी कळलं ना?" बाबा म्हणाले.

आईने पदर तोंडाला लावला. बाबांनी सुपातला माउस धरला, बाण हळूहळू त्या शब्दावर नेला, शब्द पुसला आणि दोन बोटांनी कोंबडा केला. मग मंडळाचा पत्ता त्यांनी स्वतः भरला, लेख स्वतः जोडला. सगळं झाल्यावर त्यांनी बोट बटणावर ठेवून मान वळवली. मी पुढे झालो होतो, पण ते माझ्याकडे बघत नव्हते.

"पाठवू?" त्यांनी आईला विचारलं.

"तीनदाचं घातलंत?"

"ते राहू दे आपल्यातच."

"मग पाठवा," आई म्हणाली, आणि बाबांनी बटण दाबलं.