बापाची रायफल आणि भावाच्या पुंगळ्या

आर्डिसने मेणबत्तीच्या ज्योतीवर काडतुसाची रिकामी पुंगळी फिरवून काळी केली, रायफलीत सरकवली आणि बोल्टची मूठ खाली दाबली. मूठ अर्ध्यावर अडकली, गेल्या मोसमात डोंगरावर अडकली होती अगदी तशीच. तेव्हा समोर एल्क हरणाचा नर उभा होता. ही मुठीशी झगडत बसली आणि तो रमतगमत झाडीत निघून गेला.

ऑरिन, तिचा धाकटा भाऊ, तंबूत सगळ्यांदेखत म्हणाला होता, "बाबांनी रायफल मला दिली असती तर आज मटण शिजलं असतं. तू आपली तवा सांभाळ, आर्डिस."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. "पुढच्या वर्षी अडली तर रायफल तुझी. आणि तवासुद्धा मी सांभाळीन! नाही अडली तर तवा तुझा!"

बोलून बसली खरी. आर्डिसने जन्मभर मॉन्टानाच्या बर्फातून शाळेची बस हाकली होती. दिलेला शब्द फिरवणं तिला जमत नसे. पण बापाची रायफल हातची जाऊ द्यायची नव्हती. बाबांसारखीच तीही वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून काडतुसं घरीच करायची. दुकानातून तयार आणली असती तर प्रश्न मिटला असता. पण बाबांच्या रायफलीत दुकानातलं काडतूस? त्यापेक्षा तवा बरा.

तिने पुंगळी बाहेर काढली. काजळी नेमकी खांद्यावर, जिथे पितळ मानेकडे निमुळतं होतं तिथे, पुसली गेली होती; म्हणजे पुंगळी तिथेच घासत होती. तिच्या स्वतःच्या जुन्या पुंगळ्या मात्र सहज बसत होत्या. अडत होत्या त्या ऑरिनने बादलीभर दिलेल्या, त्याच्या रायफलीत उडालेल्या. तिचं चेंबर, काडतूस बसतं ती जागा, ऐसपैस. पितळ तिथे फुगून आलेलं. बाबांनी पुंगळ्या दाबून आकारात आणायच्या प्रेसवर साचा बसवला होता तो या रायफलीपुरता. ते फुगलेले खांदे त्यात पुरेसे मागे जातच नव्हते. आणि आर्डिसने एकही पुंगळी रायफलीत घालून पाहिली नव्हती. बाबांचा साचा, त्यात काय बघायचं!

"आधी रायफलीला विचारायचं," असं बाबा म्हणत. नेमकं तेच राहून गेलं होतं.

ऑरिनला फोन करून चार शब्द सुनवावेत असं फार वाटलं. तिने फोनऐवजी पाना उचलला. मुठीची अडण नेमकी हाताला कळावी म्हणून बोल्टमधली पिन काढून ठेवली, साचा केसभर खाली घेतला, पुंगळी तेलाचं बोट लावून साच्यात दाबली, पुसली, रायफलीत घातली. अडली. पुन्हा केसभर. घाई करून चालणार नव्हतं. खांदा जास्त मागे गेला तर पितळ लवकर फाटतं. बोटं आखडली, पाठ भरून आली, पण ती हटली नाही. अखेर मूठ स्वतःच्या वजनाने, किंचित अंग चोरत, खाली आली. तिने तिथेच साचा आवळला आणि मग एकूण एक पुंगळी रायफलीत घालून पाहिली. त्यानंतरच दारू आणि गोळी भरली.

मोसमाच्या पहिल्याच सकाळी उतारावर नर दिसला. तिचा श्वास अडला, मूठ नाही. एकच बार झाला आणि नर जागीच बसला.

आवाज ऐकून ऑरिन धापा टाकत वर आला. त्याने नराकडे पाहिलं, मग रायफल हातात घेतली, मोकळी केली आणि तिच्या खिशातली, साच्यात दाबलेली एक रिकामी पुंगळी घालून मूठ सोडली. ती आपसूक खाली आली.

"गेल्या वर्षी अडल्या त्या माझ्या बादलीतल्या होत्या ना?" त्याने विचारलं.

"तुझ्याच. पण तपासायला मी विसरले होते."

"मग कळलं तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर मानलं असतंस?"

 ऑरिनने रायफल पुसून तिच्या हातात दिली. "कलेजी कांद्यात परतू की नुसती?"

"कांद्यात," आर्डिस म्हणाली. "आणि करपवू नकोस."